एमएक्स-५ (एनबी): आधी कॉइलओव्हर घेऊ, की टायर आणि अलाइनमेंट?

डर्बीकर

नमस्कार मंडळी. इथे डर्बीत सेकंडहँड माझदा एमएक्स-५ घेतली आहे. एनबी (म्हणजे दुसरी पिढी), १.८ स्पोर्ट, ५१ ची नंबरप्लेट (२००१-०२ ची). सहा गिअर, लिमिटेड स्लिप डिफरन्शियल, १६ इंची चाकं. आधीच्या मालकाने ३५ मि.मी. खाली बसवणाऱ्या स्प्रिंग टाकल्यात, शॉक मात्र मूळचे बिलस्टीनच आहेत.

सपाट रस्त्यावर गाडी झकास चालते. पण मॅटलॉकहून बक्स्टनकडे जाताना, किंवा पुढे मॅकल्सफील्डकडच्या कॅट अँड फिडलच्या रस्त्यावर, वळणात मधेच उंचवटा आला की मागची बाजू टुणकन उडते आणि बाहेरच्या अंगाला सरकते. पावसात तर छातीत धस्स होतं. दुसरं म्हणजे, सरळ रस्त्यावरही स्टिअरिंग किंचित डावीकडे वळलेलं राहतं. पुढचे टायर एका कंपनीचे, मागचे दुसऱ्या. मागच्यांवर तारखेचा आकडा ३११५ आहे.

माझ्याकडे १२०० पौंड आहेत. डोक्यात असं आहे: सातशे-आठशेत कॉइलओव्हर (उंची बदलता येणारा स्प्रिंग-शॉकचा संच), वापरलेली १७ इंची अलॉय २१५/४० टायरसकट, आणि उरलेल्यात अलाइनमेंट (चाकांचे कोन जुळवणं). गाडी रोज ऑफिसला नेतो. वर्षातून एखादा ट्रॅक डे करायची इच्छा आहे, कॅडवेल पार्क मनात आहे. हा क्रम बरोबर वाटतो का?

पुणेरी_टर्बो

अभिनंदन, गाडी भारीच घेतलीत! माझ्याकडे पोलो जीटी टीएसआय आहे, त्यामुळे मागच्या चाकांना ताकद असलेल्या गाडीचा अनुभव नाही. पण स्प्रिंग आणि शॉक एकमेकांना साजेसे हवेत, एवढं ताम्हिणी घाटात नक्की कळलं. नुसत्या कडक स्प्रिंगवर जुने शॉक ठेवले की गाडी उडतच राहते. म्हणून मी कॉइलओव्हरच्या बाजूने. १७ इंची चाकं दिसतील मात्र जबरदस्त.

इकडे एक अडचण अशी की मोटार वाहन कायद्याचं कलम ५२. कंपनीच्या मूळ तपशिलात केलेले बदल अंगाशी येऊ शकतात, विमावालेही बोट ठेवतात. तुमच्याकडे काय नियम आहेत ते आधी विचारून घ्या.

पाना_पकड

भावा, पैसे खिशात ठेव आणि आधी बॅटरी घेऊन गाडीखाली जा.

मी कोल्हापूरचा, उद्यमनगरात लेथच्या आवाजात वाढलो. आता शेफील्डला असतो आणि एनबीच चालवतो. ही गाडी जीव लावण्यासारखी आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

पहिलं बघायचं ते पुढच्या चॅसी रेल. इंजिनच्या दोन्ही बाजूंनी पुढे जाणारे पोकळ पत्र्याचे दांडे. एनबीत पुढच्या भागात आत दुहेरी पत्रा आहे. त्यात पाणी आणि हिवाळ्यात रस्त्यावर टाकलेलं मीठ अडकतं आणि रेल आतून कुजते. बाहेरून रंग शाबूत दिसतो, त्यामुळे बघून चालत नाही, ठोकून बघावं लागतं. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकत ठोकत मागे जा. खणखणीत आवाज आला तर ठीक. बद्द आवाज आला किंवा पत्रा दबला, तर तुझे १२०० पौंड वेल्डिंगला ठेव. रेल गेली की एमओटी (इथली वार्षिक तपासणी) नापास, आणि मग वर कुठला शॉक लावलाय याला काही अर्थ नाही. दाराखालच्या सिलचा मागचा टोकाचा भागही असाच ठोकून बघ.

आता तुझ्या उडीचं. ही शॉक म्हातारे झाल्याची उडी वाटत नाही, गाडी बंप स्टॉपवर आपटतेय. शॉकच्या दांड्यावर वरच्या बाजूला फोमसारखा एक ठोकळा असतो, तो बंप स्टॉप. एनबीला मुळातच चाक वर जायला जागा कमी. त्यातून ३५ मि.मी. खाली बसवलीस, म्हणजे उरलेली जागाही गेली. वळणात बाहेरचं चाक आधीच वर दाबलेलं असतं. त्यात उंचवटा आला की दांडा त्या ठोकळ्यावर टेकतो आणि त्या क्षणापुरती स्प्रिंग कितीतरी पटीने कडक होते. त्या कोपऱ्यावर एकदम भार येतो आणि टायर सुटतो. पुढे असं झालं तर गाडी नाक बाहेर काढते, मागे झालं तर शेपूट. तुझी शेपूट निघतेय.

खात्री करायची तर सोपं आहे. चाक काढ, शॉकचा रबरी बूट वर सरकव, दांड्याला एक बारीक केबल टाय आवळून बांध आणि खाली शॉकच्या बॉडीला टेकव. नेहमीच्या रस्त्याने एक चक्कर मारून ये. टाय ढकलत ढकलत थेट ठोकळ्याच्या पोटात गेलेला दिसला तर निदान पक्कं. आणि चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचं अंतर टेपने मोजून इथे टाक. टायर कुठलाही असो, हे माप बदलत नाही. आपल्या रस्त्यांसाठी मी ३३० मि.मी.च्या खाली जात नाही.

कॉइलओव्हर वाईट नसतात. पण त्या पैशात मिळतात त्यांच्या स्प्रिंग बहुधा पुढे ७-८ किलो प्रति मि.मी. आणि मागे ५-६. मूळच्या साधारण ३ आणि २. टनभराच्या गाडीला ट्रॅकवर ते चालेल, पण डर्बीशायरच्या खड्ड्यांत ऑफिसला जाताना तू वैतागशील, आणि ओल्या रस्त्यावर पकड उलट कमी मिळेल. घ्यायचेच झाले तर खालचा भाग फिरवून उंची बदलता येते असे घे. नुसती स्प्रिंगची बैठक फिरवून गाडी खाली घेणाऱ्यांत शॉकची चाल खर्ची पडते.

माझा सल्ला: स्पोर्टच्या मूळ स्प्रिंग शोध. कॉइलओव्हर लावणारे लोक त्या किरकोळ भावात विकतात. त्याबरोबर चार नवे शॉक, नवे बंप स्टॉप, आणि खडखडत असतील तर अँटी-रोल बारच्या (वळणात गाडीचं झुकणं रोखणाऱ्या दांड्याच्या) लिंक. गाडी थोडी उंच दिसेल. दिसू दे.

आणि बुश (आर्मच्या सांध्यातले रबर) बसवताना एक गोष्ट विसरू नकोस, मेकॅनिकलाही सांग. खालच्या आर्मचे बोल्ट गाडी जॅकवर लटकत असताना शेवटचे आवळायचे नाहीत. बुशचं रबर आतल्या-बाहेरच्या नळीला चिकटवलेलं असतं. चाक लोंबकळताना आवळलं की गाडी खाली ठेवल्यावर ते रबर कायम पिळलेलं राहतं. उंची खोटी बसते आणि बुश लवकर फाटतो. चाकं जमिनीवर किंवा रॅम्पवर, गाडीचं वजन पूर्ण खाली, मग टॉर्क.

चाकांबद्दल पुणेरी_टर्बोंशी माझं जमत नाही. एनबीला १७ इंच म्हणजे वजन लांब कडेला नेऊन ठेवणं. हलकी १५ इंची रिम सहा-सात किलोत मिळते. १७ ची स्वस्त अलॉय त्याहून बरीच जड असते, आणि ते वजन स्प्रिंगच्या खालचं असतं, शॉकला प्रत्येक खड्ड्यात सावरावं लागतं. शिवाय मापं बघ. तुझा २०५/४५ आर १६ बाहेरून साधारण ५९१ मि.मी., २१५/४० आर १७ होतो ६०४, म्हणजे गिअर लांबले. १९५/५० आर १५ होतो ५७६, २०५/५० आर १५ होतो ५८६. १५ मध्ये टायरची बाजू उंच राहते, खड्डे खाते, आणि टायर स्वस्त पडतात. पीसीडी (बोल्टची मांडणी) ४x१००, मधलं भोक ५४.१. रिमचं भोक मोठं असेल तर रिंग लाव. ७ इंच रुंद, ऑफसेट (चाक किती आत बसतं ते) ३५ च्या आसपास घेतलंस तर काहीच घासत नाही. फक्त स्पोर्टचे ब्रेक मोठे आहेत, म्हणून पैसे देण्याआधी एक चाक लावून हाताने फिरवून बघ.

पण भावा, सगळ्यांत आधी टायर. ३११५ म्हणजे २०१५ चा एकतिसावा आठवडा. रेघा खोल दिसल्या तरी ते रबर दगड झालंय. चारही एकाच जातीचे, पावसात चांगले असे घे. ट्रॅकसाठीचे चिकट टायर इथल्या जानेवारीत तापतच नाहीत.

जर्सीची_मावशी

पाना_पकड दादांचं रेलबद्दलचं वाचून अंगावर काटा आला. इकडे न्यू जर्सीतही मिठाचा हाच त्रास आहे.

माझी एनडी (चौथी पिढी) आहे, क्लब ट्रिम. एससीसीएच्या (इथल्या स्पोर्ट्स कार क्लबच्या) ऑटोक्रॉसला नेते. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: मोठ्या पार्किंगमध्ये शंकू मांडतात, एका वेळी एक गाडी सोडतात आणि घड्याळ लावतात. मी स्ट्रीट वर्गात उतरते. तिथे शॉक बदलता येतात, स्प्रिंग नाही, आणि अँटी-रोल बार पुढचा किंवा मागचा यांपैकी एकच. या नियमामुळे कशाने किती फरक पडतो हे सुटंसुटं कळलं. टायरने सगळ्यांत जास्त, मग अलाइनमेंटने, मग शॉकने. चाकांच्या वजनाचा फरक जाणवतो, पण त्यानंतर.

एका बाबतीत थोडी भर घालते. गाडी उंच ठेवून झुकणं कमी करायचं असेल तर पुढचा अँटी-रोल बार थोडा जाड करून बघा. लोकांना वाटतं त्याने नाक जड होईल. एमएक्स-५ ला पुढेमागे वजन जवळजवळ सारखं आहे. पुढचा बार झुकणं रोखतो, आतलं मागचं चाक जमिनीवर राहतं आणि वळणातून बाहेर पडताना ताकद खाली उतरते. हे नंतर करा, पण कॉइलओव्हरपेक्षा कितीतरी स्वस्त आहे.

आणि हवा! दाराच्या चौकटीवरचा स्टिकर वाचा. एनबीला २६ पीएसआय लिहिलेलं असतं. टायरच्या दुकानात सवयीने ३२ भरतात, आणि हलकी गाडी मग वाळूवर चालल्यासारखी सरकते. टायरच्या खांद्यावर खडूने आडवी रेघ मारा, आपल्या पद्धतीने चालवून या. कडेला जो छोटा त्रिकोण छापलेला असतो तिथपर्यंत खडू पुसला गेला तर हवा बरोबर. त्याच्या पुढे गेला तर कमी आहे, अलीकडेच थांबला तर जास्त.

डर्बीकर

सगळ्यांचे मनापासून आभार. रेल ठोकल्या, दोन्ही खणखणीत आहेत. डाव्या सिलला मागे एक फोड आहे, ती दाखवणार आहे. केबल टाय बांधून बक्स्टनला जाऊन आलो: मागचे दोन्ही टाय बंप स्टॉपच्या आत घुसलेले. उंची पुढे ३१२, मागे ३१५. निदान शंभर टक्के बरोबर!

मूळ स्प्रिंगचा संच एका गृहस्थांकडून मिळाला, शॉक मागवलेत, पंधराची चाकं बघतोय. पण अलाइनमेंटला एका गॅरेजमध्ये गेलो तर ते म्हणाले, "बोल्ट अडकलेत, फक्त पुढचा टो करून देतो." बोल्ट फिरताना तर मला दिसत होता. मग अडकला म्हणजे नेमका काय?

पाना_पकड

बरं झालं त्यांनी जोर लावला नाही.

एनबीला डबल विशबोन आहे, म्हणजे प्रत्येक चाकाला वर एक आणि खाली एक आर्म. प्रत्येक खालच्या आर्मला आतल्या बाजूने दोन विक्षिप्त कॅम (भोक मधोमध नसलेल्या चकत्या) असलेले बोल्ट, म्हणजे गाडीला आठ. पुढे या दोघांनी कॅम्बर आणि कॅस्टर जमतो, मागे कॅम्बर आणि टो. पुढचा टो स्टिअरिंगच्या रॉडवर. कॅम्बर म्हणजे चाकाचा आत-बाहेर कल (उणे म्हणजे वरची कड आत), कॅस्टर म्हणजे स्टिअरिंगच्या अक्षाचा मागे कल, टो म्हणजे चाकांची तोंडं आत की बाहेर (आत म्हणजे टो-इन). चारही चाकांना एवढं स्वातंत्र्य रस्त्यावरच्या फार थोड्या गाड्यांत मिळतं, आणि ते गंजाने घालवणं मला बघवत नाही.

अडकतं ते असं: बोल्ट बुशच्या आतल्या लोखंडी नळीत गंजून एकजीव होतो. नट सुटतो, बोल्टचं डोकं फिरतंही, पण बोल्टबरोबर नळी फिरते आणि भोवतीचं रबर पिळलं जातं. पाना सोडलास की डोकं हळूहळू मागे येतं. तुला ते मागे येताना दिसेल, हीच खूण. अशा बोल्टवर मिळालेला आकडा गॅरेजच्या दारापर्यंतही टिकत नाही.

घाई नको. तारेच्या ब्रशने बोल्टचे आटे साफ कर, भेदक तेल मारून ठेव, दुसऱ्या दिवशी परत मार. नट पूर्ण काढू नकोस, टोकाशी समपातळीत ठेव आणि त्यावर पितळी हातोड्याने ठोक. म्हणजे आटे चेपत नाहीत. नाहीच हलला तर आच देऊ नकोस, तिथे रबर आहे आणि मागे पेट्रोलची नळी जवळून जाते. सरळ कापायचा. बुशच्या नळीची कड आणि सबफ्रेमचा कान यांच्यामधल्या फटीत सॉचं पातं घालायचं, दोन्ही बाजूंनी. आर्म निघून येतो. मग नवे बुश, नवे बोल्ट, नवे कॅम, आणि बोल्टच्या उघड्या अंगाला तांब्याचं ग्रीस. पैसे कमी पडले तर चाकं पुढच्या वर्षी घे, हे आत्ता कर. दर हिवाळ्यानंतर नट ढिला करून बोल्ट थोडा फिरवून परत जागेवर आणला की पुन्हा धरत नाही. आधी कॅमच्या जागेची खूण करून ठेव म्हणजे झालं.

मग अलाइनमेंट. जो दुकानदार आठही कॅम हलवायला तयार आहे आणि आधीचा-नंतरचा कागद देतो, त्याच्याकडेच जा. टाकी अर्धी, ड्रायव्हरच्या सीटवर तुझ्या वजनाइतकी वाळूची पोती, हवा २६. क्रम मागून पुढे: आधी मागचा कॅम्बर-टो, मग पुढचा कॅस्टर-कॅम्बर, शेवटी पुढचा टो. रस्ता जास्त आणि ट्रॅक थोडा, अशा वापराला मी हे आकडे देतो:

पुढे कॅम्बर उणे १ अंश १५ मिनिटं, कॅस्टर ५ अंशांच्या जवळ आणि दोन्हीकडे सारखा, टो शून्य. मागे कॅम्बर उणे १ अंश ३० ते ४५ मिनिटं, एकूण टो-इन २ ते ३ मि.मी.

मशीन अंश-मिनिटांत बोलतं की दशांशात ते विचार. १ अंश ३० मिनिटं म्हणजे दीड अंश, १.३० नव्हे. आणि १६ इंची रिमवर १ मि.मी. म्हणजे साधारण साडेआठ मिनिटं. मागच्या टो-इनला कात्री लावू नकोस. शून्यावर आणलास तर गाडी वळायला चपळ वाटते, पण ओल्या रस्त्यावर ॲक्सिलरेटर सोडला की मागून फिरते.

तुझं स्टिअरिंग डावीकडे राहतं त्याचं मूळही मला मागेच दिसतंय. कागद मिळाला की टाक.

पुणेरी_टर्बो

दादा, हे वाचून माझ्या पोलोचं वाईट वाटलं. अलाइनमेंटवाला स्क्रीनवर हिरवं आलं की "झालं साहेब" म्हणतो. मागे टॉर्शन बीम (दोन्ही चाकं जोडणारी एकच तुळई), तिथे तर हात लावायलाच काही नाही. आमच्यासाठी काय?

पाना_पकड

पोलोला पुढे मॅकफर्सन स्ट्रट आहे, म्हणजे वरचा आर्म नाही, शॉकच चाक धरतो. त्यात गाडी झुकली की चाकाचा उणे कॅम्बर हवा तेवढा वाढत नाही, डबल विशबोनमध्ये वाढतो. म्हणून स्ट्रटवाली गाडी फार खाली घेणं आणखीच नुकसानीचं. पोलोला कॅम्बरची वेगळी सोय नाही, पण सबफ्रेम ढिली करून सरकवली की डावा-उजवा सारखा करता येतो. तेवढं कुणाकडून तरी नीट करून घ्या. बाकी चांगले टायर, धड शॉक, ताजे बुश. पावसाळ्यात ताम्हिणीत याच गोष्टी उपयोगी पडतात.

डर्बीकर

कागद आला! आठपैकी पाच बोल्ट कापावे लागले. बुश सगळेच बदलले. चाकांचे पैसे त्यात गेले, पण १६ वरच चार नवे टायर बसवले. विमा कंपनीलाही कळवलं.

आधीचे आकडे: मागचा टो डावीकडे ० अंश २ मिनिटं, उजवीकडे ० अंश २२ मिनिटं. कॅम्बर मागे उणे २ अंश ३५ पर्यंत. आता पुढे उणे १ अंश १५ दोन्हीकडे, मागे उणे १ अंश ४०, मागचा एकूण टो-इन २० मिनिटं, दोन्ही चाकांत सारखा वाटलेला. उंची ३४२ आणि ३४५. स्टिअरिंग सरळ.

काल पाऊस असताना कॅट अँड फिडलला गेलो. तो उंचवटा आला, मागचं चाक वर गेलं, खाली आलं, आणि गाडी आपल्या रेषेत. मला स्टिअरिंगवर काहीच करावं लागलं नाही. फार आनंद झाला, खरंच. आता पुढचा अँटी-रोल बार घेऊ का?

पाना_पकड

वा! मागे डावीकडे २ आणि उजवीकडे २२, म्हणजे मागची दोन्ही चाकं मिळून १० मिनिटं डावीकडे बघत होती. गाडी सरळ न्यायला पुढची चाकंही तितकीच डावीकडे धरावी लागत होती. नुसता पुढचा टो करून हे कधीच सुटलं नसतं.

बार आत्ता नको. नवे बुश थोडे बसू देत. तीनशे-चारशे मैल झाले की कॅमचे आठही नट टॉर्कला तपास, आणि आजच कॅम व सबफ्रेमवर मिळून पांढऱ्या रंगाची एक रेघ मार, म्हणजे हलला तर लगेच दिसेल. चाकांचे नट ८८ ते ११८ न्यूटन मीटरमध्ये, हाताने, एअर गनने नाही. कॅडवेलला जाण्याआधी ब्रेक ऑइल बदल, आणि ते जुनं ऑइल कुठल्या रंगाचं निघतं ते इथे सांग.

जर्सीची_मावशी

आणि खडू घेऊन जा ट्रॅकला.